अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज कसा बांधायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत निवडणुकीचं वारं वाहू लागलं की आपल्याकडेही चर्चा रंगतात. न्यू जर्सीतल्या भाच्याचा फोन येतो, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कौल कळतो, टीव्हीवर एखाद्या सभेची गर्दी दिसते आणि 'यंदा अमुकच येणार' असं घरात ठरून जातं. मी गेल्या काही निवडणुका कागदावर आकडे मांडून अंदाज बांधत आलो आहे आणि हे काम कुणालाही शिकता येतं असं मला मनापासून वाटतं. राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी जमली आणि रोजच्या बातमीने हुरळून न जाण्याची तयारी असली की पुरे. पुढची निवडणूक मंगळवारी, 7 नोव्हेंबर 2028 रोजी आहे. हात बसायला भरपूर वेळ आहे.

जवळ काय हवं

• 50 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांची इलेक्टोरल मतांची, म्हणजे अध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणाऱ्या मतांची, यादी. '270 टू विन'सारख्या संकेतस्थळावर नकाशा रंगवत बेरीज करता येते.
• 2016, 2020 आणि 2024 या तीन निवडणुकांचे राज्यवार निकाल: कोण जिंकलं यापेक्षा किती टक्क्यांनी जिंकलं ते.
• जनमत चाचण्यांची सरासरी देणारी दोन तरी संकेतस्थळं. 2008 साली सुरू झालेलं 'फाइव्हथर्टीएट' मार्च 2025 मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांतले त्याचे दुवे शोधत बसू नका.
• 'कुक पोलिटिकल रिपोर्ट'चं राज्यांचं वर्गीकरण: पक्कं, बहुतेक पक्कं, झुकलेलं, बरोबरीचं.
• एक्सेलची शीट किंवा साधी वही. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख हवी.

1. आधी 538 चा हिशेब पाठ करा

एकूण इलेक्टोरल मतं 538, जिंकायला 270. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन इतकी मतं मिळतात. कॅलिफोर्निया 54, टेक्सास 40, फ्लोरिडा 30, न्यूयॉर्क 28. छोट्यातल्या छोट्या राज्यालाही 3, आणि वॉशिंग्टन डीसीलाही 3. हे आकडे 2020 च्या जनगणनेवरून ठरलेले आहेत आणि 2028 लाही तेच राहतील.

48 राज्यांत आणि डीसीत जो एका मतानेही पुढे असेल त्याला तिथली सगळी मतं जातात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं वेगळी: तिथे राज्य जिंकणाऱ्याला दोन मतं आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघाचं एकेक मत स्वतंत्र.

म्हणूनच देशभरातल्या एकूण मतांवरून निकाल सांगता येत नाही. 2000 साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, पण फ्लोरिडात ते 537 मतांनी मागे राहिले आणि अध्यक्षपद जॉर्ज बुश यांच्याकडे गेलं. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी 28 लाखांच्या वर होती. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांत मिळून साधारण 78 हजार मतांनी त्या हरल्या आणि देश ट्रम्प यांनी जिंकला. 2020 मध्ये बायडेन 70 लाख मतांनी पुढे होते, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली जेमतेम 43 हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर सामना 269-269 असा बरोबरीत सुटला असता.

'देशात अमुक तीन टक्क्यांनी पुढे' ही बातमी वाचलीत की लगेच विचारायचं: बरं, मग 270 कुठून येणार?

2. सात राज्यं बाजूला काढा आणि 270 पर्यंतच्या वाटा मोजा

2024 ची लढत सात राज्यांत झाली: पेनसिल्व्हेनिया (19), जॉर्जिया (16), नॉर्थ कॅरोलायना (16), मिशिगन (15), ॲरिझोना (11), विस्कॉन्सिन (10), नेवाडा (6). बेरीज 93. ही सात वगळली तर कमला हॅरिस यांच्याकडे 226 आणि ट्रम्प यांच्याकडे 219 मतं होती.

आता पेन्सिल घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाला 226 वरून 270 ला जायचं तर 44 हवीत. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांची बेरीज करा: 19 + 15 + 10. बरोब्बर 44. रिपब्लिकन पक्षाला 219 वरून 51 हवीत. पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना: 19 + 16 + 16. बरोब्बर 51. दोन्ही पक्षांची सर्वांत जवळची वाट पेनसिल्व्हेनियातून जाते आणि दोन्ही वाटा 270 वर काठोकाठ येऊन थांबतात. दोन्ही पक्षांनी त्या राज्यात पैसा का ओतला हे या दोन बेरजांवरून कळतं.

आणखी बारकाईने बघा. डेमोक्रॅटांच्या 226 मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं एक मत धरलेलं आहे. ते निसटलं असतं तर ती वाट 269 वर अडकली असती. बरोबरी झाली की निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं, मग ते कॅलिफोर्निया असो की वायोमिंग. 2024 मध्ये नेब्रास्काची पद्धत बदलून सगळी मतं एकगठ्ठा करण्याचा प्रयत्न झाला होता. तो एका मतासाठीच होता.

नवशिक्याने किमान एक संध्याकाळ या बेरजांवर घालवावी. एखादं राज्य या बाजूचं त्या बाजूला करून पाहावं, वाटा उघडतात-बंद होतात त्या पाहाव्यात. पुढे रोज येणाऱ्या बातम्यांतली कोणती महत्त्वाची आणि कोणती सोडून द्यायची, हे त्याशिवाय उमगत नाही.

ही यादी कायमची नसते. ओहायो 1964 पासून 2016 पर्यंत दर वेळी विजेत्याच्या बाजूने राहिलं, 2020 ला चुकलं आणि आता ते रिपब्लिकनांचं पक्कं राज्य मानलं जातं. फ्लोरिडाचंही तसंच. जॉर्जिया मात्र 2020 मध्ये 11,779 मतांनी डेमोक्रॅटांकडे गेलं आणि या यादीत येऊन बसलं. 2028 ची यादी नव्याने करा. 2024 मध्ये पाच टक्क्यांच्या आत निकाल लागलेली सगळी राज्यं घेऊन सुरुवात केलीत तर फारसं काही निसटणार नाही.

3. चाचण्यांच्या आधी जमीन तपासा

निवडणुकीच्या वर्षात वसंतापर्यंत चाचण्यांचा उपयोग कमी. तेव्हा तीन गोष्टी पाहा: विद्यमान अध्यक्षांची लोकप्रियता, लोकांच्या खिशाची स्थिती, आणि सत्ताधारी पक्ष किती वर्षं व्हाइट हाउसमध्ये आहे.

लोकप्रियता 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर अध्यक्ष पुन्हा निवडून येऊ शकतात. बुश 2004 मध्ये आणि ओबामा 2012 मध्ये तिथेच होते. चाळिशीच्या खाली घसरली तर अवघड. कार्टर (1980) आणि थोरले बुश (1992) यांचं तेच झालं. 2024 मध्ये बायडेन यांची लोकप्रियता चाळीसच्या आसपास रखडली होती. 21 जुलैला त्यांनी माघार घेतली तरी त्या नाराजीचं ओझं हॅरिस यांच्याकडे आलंच.

अर्थव्यवस्थेचं नीट समजून घ्या, कारण इथे शिकलेले लोकही फसतात. 2024 मध्ये अमेरिकेत बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती, विकासदर बरा होता आणि महागाईचा दर जून 2022 मधल्या 9.1 टक्क्यांवरून तीनच्या खाली आला होता. कागदावर सगळं ठीक. पण महागाईचा दर खाली येणं म्हणजे भाव खाली येणं नव्हे. बायडेन आले तेव्हाच्या तुलनेत एकूण किमती साधारण 20 टक्क्यांनी चढलेल्याच राहिल्या होत्या. वाणसामानाचं बिल आणि घरभाडं देणाऱ्या माणसाला तेच दिसत होतं. म्हणून दरासोबत एकूण किमती किती वर आहेत तेही लिहा.

तिसरी गोष्ट, सत्तेची वर्षं. 1960 ते 2016 दरम्यान एखाद्या पक्षाने सलग आठ वर्षं राज्य केल्यानंतर झालेल्या निवडणुका सात: 1960, 1968, 1976, 1988, 2000, 2008, 2016. त्यात सत्ताधारी पक्ष 1988 मध्ये एकदाच जिंकला. आकडा दमदार वाटतो, पण सातच उदाहरणं आहेत आणि त्यातल्या तीन-चार लढती केसभर फरकाने गेल्या. इतक्या थोड्या उदाहरणांवरून काढलेला नियम हाताशी ठेवावा, डोक्यावर घेऊ नये. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्या प्रसिद्ध '13 किल्ल्या', म्हणजे निकाल सांगणारे 13 हो-नाही प्रश्न, याच जातीच्या. अनेक निवडणुका त्यांनी बरोबर सांगितल्या आणि 2024 मध्ये हॅरिस जिंकतील असं सांगून त्या चुकल्या.

4. चाचणी वाचायला शिका

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शितं नुसती वरवरची उचलली तर खालचा भात कच्चा राहिलेला कळत नाही. 1936 मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने टेलिफोन आणि मोटारगाड्या असलेल्यांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असा कौल निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. मंदीच्या काळात फोन-मोटार परवडणारे लोक आणि बाकीचा देश यांत अंतर होतं. किती लोकांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे मोठं.

चाचणी समोर आली की पुढचं तपासा:

• कोणाला विचारलं? 'नोंदणीकृत मतदार' की 'मतदान करण्याची शक्यता असलेले'? सप्टेंबरनंतर दुसरा प्रकार जास्त भरवशाचा.
• नमुना किती? हजार लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला अधिक-उणे तीन टक्के धरतात. आघाडी मोजायची तर ही फट जवळजवळ दुप्पट होते. एकाचे 48 आणि दुसऱ्याचे 46 म्हणजे बरोबरीच समजा.
• शिक्षणानुसार वजन दिलं आहे का, म्हणजे नमुन्यात पदवीधर जास्त आले तर त्यांची उत्तरं त्या प्रमाणात कमी धरली आहेत का? 2016 मध्ये राज्यांतल्या अनेक चाचण्यांत पदवीधर प्रमाणाबाहेर होते आणि ते क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. आकडे बिघडण्याचं ते एक मोठं कारण ठरलं.
• पैसे कोणी दिले? पक्षाने स्वतःची चाचणी बाहेर फोडली असेल तर ती सोयीची आहे म्हणूनच फोडली, असं धरा.
• कधी घेतली? पक्षाच्या अधिवेशनानंतरचे दोन आठवडे आकडा फुगतो. 1988 च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस 17 टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरमध्ये ते जवळपास आठ टक्क्यांनी हरले.

एकटी चाचणी कितीही नावाजलेली असो, तिच्यावर उडी मारू नका. 2020 च्या ऑक्टोबरअखेरीस एका मोठ्या चाचणीत बायडेन विस्कॉन्सिनमध्ये 17 टक्क्यांनी पुढे होते. जिंकले एका टक्क्याहूनही कमी फरकाने. 2024 मध्ये आयोवात ॲन सेल्झर यांच्या चाचणीने हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे दाखवल्या. सेल्झर यांचा आधीचा लौकिक उत्तम होता, त्यामुळे दोन दिवस सगळीकडे तीच चर्चा. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. अशी चाचणी सरासरीत टाका, तिच्या वाट्याचं वजन द्या आणि पुढे चला.

5. चुका एकाच दिशेला जातात, हे हिशेबात धरा

सगळ्या लेखात ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

समजा सातही राज्यं अगदी 50-50 आहेत. प्रत्येक राज्य स्वतंत्र मानलं तर ठरावीक एका उमेदवाराने सातही जिंकण्याची शक्यता 128 मध्ये एक. 2024 मध्ये ट्रम्प यांनी नेमकी सातही जिंकली. नशीब जोरावर होतं असं काही नाही. राज्यं स्वतंत्र नसतात. मिशिगनमधला कारखान्यातला कामगार ज्या कारणाने मत बदलतो त्याच कारणाने विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातलाही बदलतो. ही तीन राज्यं 1992 पासून प्रत्येक निवडणुकीत एकाच बाजूला गेली आहेत. शिवाय ज्या प्रकारचा माणूस चाचणीवाल्याचा फोन उचलत नाही, तो एका राज्यात उचलत नाही आणि दुसऱ्यात उचलतो असं होत नाही.

आपल्याकडे 2024 च्या लोकसभेला हे सगळ्यांनी पाहिलं. बहुतेक एक्झिट पोल रालोआला 350 च्या पुढे नेत होते, गाडी 293 वर थांबली. सगळे एकाच बाजूला चुकले.

2016 मध्ये चाचण्यांवरून संधी मोजणाऱ्या काही मॉडेलांनी क्लिंटन यांना 98-99 टक्के संधी दिली, कारण राज्यांतल्या चुका एकमेकींना खोडून काढतील असं त्यांनी जवळपास गृहीत धरलं होतं. 'फाइव्हथर्टीएट'ने चुका जोडलेल्या धरल्या आणि ट्रम्प यांना सुमारे 29 टक्के दिले. चाचण्या दोघांकडे साधारण त्याच होत्या.

वहीत हे असं करा: प्रत्येक राज्याची सरासरी लिहा. मग सगळ्या राज्यांत एकाच वेळी तीन टक्के एका बाजूला सरकवा, 270 कोणाकडे जातात पाहा. मग तीन टक्के दुसऱ्या बाजूला सरकवा. दोन्ही वेळा तोच उमेदवार जिंकत असेल तर निवडणूक बऱ्यापैकी ठरलेली. निकाल पालटत असेल तर 'चुरस' हाच प्रामाणिक अंदाज, मग लोकांनी कितीही विचारलं तरी.

कोणत्या बाजूला सरकेल हे आधी सांगता येत नाही. 2012 मध्ये चाचण्यांनी ओबामांना कमी लेखलं. 2016, 2020 आणि 2024 अशा तिन्ही वेळा ट्रम्प यांना कमी लेखलं. 2028 मध्ये ट्रम्प उमेदवार असू शकत नाहीत, दोन वेळा निवडून आल्यानंतर राज्यघटना तिसरी संधी देत नाही. तेव्हा रिपब्लिकन उमेदवाराला आपणहून दोन-तीन टक्के वाढवून देण्याची सवय आत्ताच सोडा.

6. हमखास फसवणाऱ्या गोष्टी

नातेवाइकांचा कौल. आपली माणसं जास्त करून न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचा बे एरिया किंवा टेक्सासमध्ये आहेत. यातलं एकही निर्णायक राज्य नाही. तिथल्या भाच्याला 'कोण जिंकेल' असं विचारू नका. 'गेल्या वेळेपेक्षा काय बदललं' असं विचारा. या प्रश्नाला किंमत आहे. न्यू जर्सीत बायडेन 2020 मध्ये 16 टक्क्यांच्या आसपास पुढे होते, 2024 मध्ये हॅरिस सहाच्या आसपास. राज्य तेच राहिलं, पण ही घसरण सगळ्या देशाची गोष्ट सांगत होती.

सभेची गर्दी, घरासमोरच्या पाट्या, समाजमाध्यमांवरचा जल्लोष: सोडून द्या. पैसा: हॅरिस यांच्या प्रचाराने एक अब्ज डॉलरहून जास्त गोळा केले आणि त्या हरल्या. वादविवाद: जिंकला-हरला याची चर्चा चार दिवस, सरासरीत परिणाम दिसला तरच लिहा. याला एक मोठा अपवाद जून 2024 चा. त्या वादविवादाने बायडेन यांची उमेदवारीच गेली.

सट्टाबाजार. 'पॉलीमार्केट'वर 2024 मध्ये ट्रम्प पुढे होते आणि जिंकले, म्हणून बाजाराला सगळं कळतं असं अनेकांना वाटू लागलं. भाव पाहा, त्यातून माहिती मिळते. पण मोठी रक्कम लावणारा एकटा माणूसही भाव हलवू शकतो. स्वतः पैसे लावण्याच्या फंदात अजिबात पडू नका.

7. टक्केवारीत लिहा आणि कुलूप लावा

'अमुक जिंकणार' असं लिहू नका. 'पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅट जिंकण्याची शक्यता 55 टक्के' असं लिहा. सातही राज्यांसाठी लिहा, शेवटी देशासाठी. खाली तारीख आणि दोन ओळींत कारण. महिन्यातून एकदा नवं पान, जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही.

निकालानंतर गुण द्या. 70 टक्के म्हणालात आणि तसं घडलं तर चूक 0.3, तिचा वर्ग 0.09. घडलं नाही तर 0.7 चा वर्ग, 0.49. सगळ्या राज्यांची सरासरी काढा. कमी तितकं चांगलं. सगळीकडे डोळे मिटून 50 टक्के लिहिणाऱ्याला 0.25 मिळतात, तेव्हा त्याच्या खाली राहणं हे पहिलं उद्दिष्ट. हवामान खात्यांचे अंदाजही अशाच प्रकारे तपासतात.

8. निकालाची सकाळ

अमेरिकेत आपल्यासारखा एका ठिकाणाहून निकाल जाहीर करणारा निवडणूक आयोग नाही. मोजणी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) आणि राज्यं करतात. रात्री 'जिंकले' असं सांगतात ते असोसिएटेड प्रेस आणि वाहिन्यांचे निर्णयकक्ष. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. बुधवारी आपल्याकडे पहाटे 5.30 ला जॉर्जियात मतदान संपतं, 6 ला नॉर्थ कॅरोलायनात, 6.30 ला पेनसिल्व्हेनियात, 7.30 ला विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनात, 8.30 ला नेवाडात.

सुरुवातीच्या आघाडीवर विश्वास ठेवू नका. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, त्यामुळे ती उशिरा मोजून होतात. 2020 मध्ये पेनसिल्व्हेनियात ट्रम्प आधी लाखोंनी पुढे दिसत होते आणि मग आघाडी वितळत गेली. मतदान मंगळवारी झालं, निकाल शनिवारी कळला.

त्याऐवजी मोजणी जवळपास पूर्ण झालेली एकेक काउंटी घ्या आणि मागच्या निवडणुकीशी ताडून पाहा. 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत, जिथे भारतीय कुटुंबंही भरपूर आहेत, हॅरिस यांचं मताधिक्य बायडेन यांच्यापेक्षा बरंच कमी आलं. फ्लोरिडातली मायामी-डेड काउंटी 1988 नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. पेनसिल्व्हेनियाचा निकाल यायला तेव्हा अजून कित्येक तास होते. राज्यातल्याच दोन काउंटी टिपून ठेवा: ईरी आणि नॉर्दॅम्प्टन. दोन्ही ओबामा, ट्रम्प, बायडेन आणि पुन्हा ट्रम्प अशा विजेत्याबरोबरच गेल्या आहेत.

ॲरिझोना आणि नेवाडा यांना काही दिवस लागतात, तिथे घाई करू नका. इलेक्टर, म्हणजे राज्यांची इलेक्टोरल मतं देणारे प्रतिनिधी, प्रत्यक्ष मतं डिसेंबरमध्ये देतात, काँग्रेस ती 6 जानेवारीला मोजते आणि शपथविधी 20 जानेवारीला होतो. वहीतले गुण मात्र सगळ्या राज्यांनी निकाल प्रमाणित केल्यावरच भरा, कारण पहिल्या रात्रीच्या टक्केवारीत आणि अंतिम आकड्यात एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडतो.